प्रवेशाच्या दफ्तराची बखर

आपल्याकडे विद्यापीठांचे इतिहास लिहिले गेले, कुलगुरूंची चरित्रे निघाली, प्राचार्यांचे गौरवग्रंथ आणि महाविद्यालयांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तर पैशाला पासरी झाल्या. परंतु दरसाल जून महिन्यात ज्याच्या मेजासमोर निथळत्या छत्र्या सावरीत पालकांची रांग लागते, आणि ज्याच्या लाल शाईतल्या एका शेऱ्याने एखाद्या घराच्या पुढच्या दोन पिढ्यांची वाट ठरून जाते, त्या प्रवेश देणाऱ्या माणसाची बखर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. याचे एक कारण असे की, आपल्या देशात या कामाला दीर्घकाळ स्वतंत्र पदच नव्हते. ते कधी प्राचार्याने केले, कधी रजिस्ट्रारने, आणि बहुतेक ठिकाणी हेडक्लार्कने केले; अमेरिकेत ज्या कामाला स्वतंत्र हुद्दा, खोली आणि वेतन मिळाले, ते आपल्याकडे गावच्या जत्रेसारखे वर्षातून एकदा भरे आणि जुलै सरता सरता उठून जाई. दुसरे कारण मनुष्यस्वभावातले आहे. ज्याला प्रवेश मिळतो तो ते आपल्या गुणांचे फळ मानून देणाऱ्यास विसरतो, आणि ज्याला नाकारला जातो तो देणाऱ्याचे नाव जन्मभर घेतो खरे, पण इतिहासात नोंदवण्याजोग्या शब्दांत घेत नाही.

पारखून प्रतवारी लावण्याचा शिरस्ता इंग्रजांनीच आणला असे समजण्याचे कारण नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणेसाठी ब्राह्मणांचा जो समुदाय जमे, त्यातील विद्वानांची परीक्षा शास्त्रीमंडळी घेत आणि ज्याची जशी विद्या तशी त्याची दक्षिणा ठरे. उरलेल्या जमावाला पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सरसकट वाटप होई. जेथे प्रतवारी आली तेथे वशिल्याची कुजबुज आली नसेल असे मानणे कठीणच. पेशवाई बुडाल्यावर या दक्षिणेच्या रकमेतून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या अमदानीत, १८२१ साली, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्या प्रवेशाचा पहिला निकष बुद्धीचा नसून जन्माचा होता. ती प्रारंभी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. १८४९ साली पुण्याच्या सुधारकांनी दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथरचनेकडे वळवावी असा अर्ज करून शहरात खळबळ उडवून दिली. १८५१ मध्ये पाठशाळेचा पूना कॉलेज असा नवा संसार मांडला गेला, जे पुढे डेक्कन कॉलेज झाले. आणि जन्माचा निकष कागदोपत्री तरी मागे पडू लागला.

कागदोपत्री म्हणण्याचे कारण धारवाडचे प्रकरण. १८५६ च्या जून महिन्यात तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. मुलाने ते निमूटपणे सोसले नाही. त्याने सरकारकडे दाद मागितली, आणि मुंबई सरकारने त्यावर जो ठराव केला तो प्रवेशाच्या दफ्तरातील मखलाशीचा आद्य नमुना म्हणून जपून ठेवावा असा आहे. तत्त्व म्हणून पाहिले तर न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलासाठी दार उघडल्यास बाकीच्यांना ती शाळा निरुपयोगी होईल, सबब इलाज नाही, असा निकाल दिला. प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे गेले, तेथून विलायतेस कंपनीच्या संचालकांकडे गेले, आणि १८५८ साली सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असा निर्वाळा तेथून आला. तो खेडोपाडी पोचावयास किती पिढ्या लागल्या हे सांगावयास नको. प्रकरण शाळेचे असले तरी या बखरीत त्याला पहिले पान द्यावे लागते, कारण दाराशी बसलेल्या अधिकाऱ्याची पुढच्या दीडशे वर्षांतली कुचंबणा तेथे पुरती दिसते: समोर न्याय्य हक्काचा अर्जदार, पाठीशी नियम, आणि मनात धास्ती ती आधीच आत बसलेल्यांची.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्या पहिल्या उत्तीर्णांपैकी होत. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याची परीक्षा अशी पुढे समजूत झाली, आणि कचेरीत नोकरी मागण्याची ती सनदही ठरली. परंतु मुळात ती विद्यापीठात येण्याची परीक्षा होती, आणि विद्यापीठानेच ती घेतल्यामुळे प्राचार्याच्या खांद्यावरचे निवडीचे ओझे बव्हंशी उतरले होते. गाळणी इतकी बारीक होती की तीतून जो उतरला त्याला महाविद्यालयाचे दार उघडेच असे. अडत असे ते फीपाशी. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील प्राचार्याचा खरा अधिकार प्रवेशाच्या अर्जावर नव्हे, नादारीच्या अर्जावर चाले. पूर्ण नादारी, अर्धी नादारी, वसतिगृहातली एखादी मोफत खोली, कोण्या दात्याची मासिक मदत, या चार गोष्टींच्या वाटपात त्याचे तारतम्य, त्याची माया आणि त्याचे पूर्वग्रहही प्रकट होत. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात पुढे शिकता आले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे. महाविद्यालयाने घेतले ही अर्धीच गोष्ट, तेथे टिकू दिले ते त्या २५ रुपयांनी.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र गाळणी नव्हे, भिंतच होती. विद्यापीठाचे नियम करणारांच्या डोळ्यांसमोर विद्यार्थिनी नव्हतीच. तेव्हा तिला मनाई करण्याची गरज कोणास वाटली नाही, आणि परवानगी देण्याचा अधिकार आपल्यास आहे की नाही हे ठरविण्यास मुंबई विद्यापीठाला १८८३ साल उजाडावे लागले. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून १८८८ साली या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली.

त्याच १८८३ साली, आपल्या विद्यापीठाच्या दारापासून कित्येक हजार मैलांवर, एका मराठी मुलीच्या अर्जाचा निकाल लागला, आणि प्रवेश देणाऱ्याचे तारतम्य म्हणजे काय हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो अवश्य पाहावा. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी एप्रिलात कलकत्त्याहून जहाजावर चढल्या, जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज धाडला. त्या अर्जात त्यांनी आपले शिक्षण फुगवून सांगितले नाही. उलट प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून काटेकोरपणे पुऱ्या होतीलच असे नाही, हे आपण होऊन कबूल केले, इतक्या दूर येण्याचा हेतू सांगितला आणि निर्णय संस्थेवर सोपवला. अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांच्या त्या महाविद्यालयाने त्यांना घेतले, आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. अटींच्या रकान्यांत खुणा करीत जाणाऱ्या कोणत्याही यंत्राने हा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूस काढला असता. तो वाचणारे कोणी होते, आणि वाचल्यावर अट शिथिल करण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता, म्हणून तो वाचला.

परंतु तारतम्याचे हेच एक रूप आहे अशी समजूत करून घेणाऱ्याने त्याच देशाचा पुढचा चाळीस वर्षांचा इतिहास चाळावा. प्रवेशासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची चाल तेथे पहिल्या महायुद्धानंतर जोराने पसरली. प्रिन्स्टनने १९२२ साली रॅडक्लिफ हीरमन्स यांना आपले पहिले प्रवेश-संचालक नेमले, आणि त्याच वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी आपल्याकडे ज्यू विद्यार्थी फार झाले आहेत, त्यांचे प्रमाण बांधून द्यावे, असा विचार उघडपणे मांडला. अध्यापकांच्या समितीने उघड मर्यादा नाकारली. तेव्हा आडवाटेने तेच साधण्याची युक्ती निघाली. परीक्षेतील गुणांवर सारे सोपवावयाचे नाही. अर्जदाराचे चारित्र्य पाहावे, व्यक्तिमत्त्व पाहावे, तो कोणत्या घराण्यातून आणि कोणत्या गावातून आला ते पाहावे, अर्जासोबत छायाचित्र मागवावे. आणि ही सारी पाहणी करण्यास एक सुशिक्षित, मृदुभाषी अधिकारी बसवावा, ज्याच्या नकारास कारण द्यावे लागत नाही. १९२६ पर्यंत हार्वर्डमध्ये ही घडी बसली होती. जो हुद्दा आज तेथे प्रतिष्ठेचा मानला जातो, त्याच्या जन्मपत्रिकेत विद्यार्थी निवडण्याइतकाच विशिष्ट विद्यार्थी अदबीने टाळण्याचा हेतू लिहिलेला आहे, हे विसरता येत नाही. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच हार्वर्डविरुद्धच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. या वेळी तक्रार होती ती आशियाई घरांतल्या मुलांच्या वतीने, ज्यांत आपल्याकडून तेथे जाऊन स्थायिक झालेल्यांची मुलेही आली.

आपल्याकडे त्याच काळात काही लोक अगदी उलट्या अडचणीशी झगडत होते: त्यांना निवड करावयाची नव्हती, विद्यार्थी मिळवावयाचे होते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, देशी भाषेतून शिक्षण आणि स्वतःची प्रवेश परीक्षा अशी व्यवस्था लावली, आणि मग त्या परीक्षेला बसावयास मुली शोधण्यासाठी दारोदार हिंडण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यापासून गावोगाव फिरून मुले वसतिगृहात आणली, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले तेव्हा फी नसलेल्याने कामाचा घाम गाळून शिकावे ही तजवीज तेथेही ठेवली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या जूनमध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्याला दुपारचे महाविद्यालय असून नसल्यासारखेच. वेळापत्रक हाही प्रवेशाचा एक निकष असतो, आणि तो कोणत्याही नियमावलीत छापलेला नसतो, हे या माणसाने ओळखले होते. या तिघांना प्रवेश अधिकारी म्हणणे विचित्र वाटेल. पण दारात बसून अर्ज घेणे आणि दार सोडून अर्जदाराच्या घरी जाणे या दोहोंत प्रवेशाचे काम अधिक कोणी केले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

स्वातंत्र्यानंतर हिशेब पालटला. १९४९ पासून मुंबई इलाख्यात मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली, माध्यमिक शाळा तालुक्यांतून निघाल्या, पुण्यास आणि इतरत्र नवी विद्यापीठे झाली, आणि वैद्यक व अभियांत्रिकी या दोन विद्यांपुढे प्रथमच अशी स्थिती आली की उत्तीर्ण पुष्कळ आणि जागा मोजक्या. इंटर सायन्सचे गुण हा निकष ठरला. पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर, १९७७ च्या पहिल्या बारावीपासून, ते स्थान बारावीने घेतले. हा काळ हेडक्लार्कचा. अर्ज टपालाने आले की ते आवक बारनिशीत चढत. मग टक्केवारी काढावयाची ती पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून, आणि दुसऱ्या कारकुनाने तो पडताळून सही करावयाची. साठच्या वरचे एका गठ्ठ्यात, पंचावन्न ते साठ दुसऱ्या, असे सुतळीने बांधलेले गठ्ठे कपाटात जात, आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या जानव्याला वा करगोट्याला, जसा माणूस असेल त्याप्रमाणे. दोघांचे गुण समान आले तर आधी गणित पाहा, मग पदार्थविज्ञान, मग जन्मतारीख, असा क्रम ठरलेला. त्यामुळे आठ दिवस आधी जन्मल्यामुळे डॉक्टर झालेली माणसे या राज्यात खरोखर आहेत. यादी कार्बन लावून टंकलिखित होई आणि जाळीच्या फलकात लावून वर कुलूप घातले जाई, कारण रात्रीतून एखादे नाव वर सरकल्याच्या तक्रारी ऐकण्याची कोणाची तयारी नसे.

पहिल्या यादीत हेडक्लार्कला करण्याजोगे काही नव्हते. ती आकड्यांनीच होई. त्याचे राज्य चाले ते दुसऱ्या यादीवर. पहिल्या यादीतला मुलगा मुदतीत आला नाही तर जागा रिकामी धरावी की एक दिवस थांबावे, हा प्रश्न वर्षातून शंभर वेळा येई, आणि त्याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नसे. अनुभवी हेडक्लार्क अर्जावरचा पत्ता पाही, मु. पो. असलेल्या गावी वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोचते आणि पावसात नदीला पाणी आले की एस.टी. बंद पडते हे त्यास ठाऊक असे. अर्जाच्या कोपऱ्यात तो शिसपेन्सिलीने 'वाट पाहावी' असे लिही. त्याच शिसपेन्सिलीने, दुसऱ्या कोण्या अर्जावर, दुसऱ्या कारणासाठी, तेच शब्द लिहिता येत, हेही तितकेच खरे. कोणता शेरा दयेचा आणि कोणता देवघेवीचा हे कागदावरून ओळखण्याची सोय नव्हती, आणि या एका गैरसोयीपायी पुढे साऱ्या शिसपेन्सिली जप्त झाल्या.

दरम्यान या मेजावर राज्यघटना येऊन बसली होती. मद्रास सरकारने दर १४ जागांमागे ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांस मिळून १ आणि मुसलमानांस १ अशी वाटणी ठरवून दिली होती. चंपकम दोराईराजन प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे उपकलम घालून मागासवर्गीयांसाठी राखीव जागांचा मार्ग मोकळा केला. येथून प्रवेशाची यादी ही एक यादी राहिली नाही. महाराष्ट्रात पुढे अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, विमुक्त व भटक्यांना मिळून ११, इतर मागासवर्गास १९ आणि विशेष मागास प्रवर्गास २ टक्के अशी वाटणी स्थिरावली; यांखेरीज विद्यापीठक्षेत्रातील व बाहेरील, सैनिकांची मुले, अपंग, प्रकल्पग्रस्त, असे पोटविभाग. जो कारकून भागाकार करीत होता त्यास आता बिंदुनामावली आणि घटनेचे कलम समजून घेणे प्राप्त झाले, आणि हे त्याला कोणी शिकवले नाही. चूक झाली की उच्च न्यायालयाची नोटीस शिकवी.

मागणी आणि जागा यांत एवढी दरी पडल्यावर तीत चिठ्ठ्यांचा पाऊस पडणे अटळ होते. आमदाराची चिठ्ठी, संचालकाची चिठ्ठी, जिल्ह्याच्या कोण्या मान्यवराची 'पत्रवाहकाचे काम करावे' एवढ्याच मजकुराची चिठ्ठी. ती घेणाऱ्याची नोकरी संचालक मंडळाच्या हाती आणि पगार सरकारच्या अनुदानात, अशा माणसाने नाही म्हणावे कसे, याची विद्या ज्यांना साधली त्यांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, आणि ज्यांना साधली नाही त्यांच्या बंगल्यांकडे बोट दाखवले जाते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्रातली मुले आणि त्यांच्या बापांचे पैसे कर्नाटकात चालले आहेत, ते येथेच राहावेत, ही त्यामागची भूमिका. आणि ती चुकीची होती असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही, कारण शेतकऱ्यांच्या आणि कारखान्यातील कामगारांच्या घरांतून इंजिनियर निघाले ते त्या निर्णयाने. पण प्रवेशाच्या दफ्तरावर त्याचा परिणाम असा झाला की चिठ्ठीची जागा पाकिटाने घेतली, आणि इमारत निधीच्या पावत्या फाडणारा एक नवा अधिकारी रजिस्ट्रारच्या शेजारच्या खोलीत येऊन बसला. कॅपिटेशन शुल्काला मनाई करणारा १९८७ चा अधिनियम विधिमंडळाने केला त्यास अवघी चार वर्षे मध्ये गेली होती. रोग किती लवकर फैलावला याची ही सरकारी कबुलीच म्हणावयाची.

त्यानंतरची वीस वर्षे न्यायालयांची. मोहिनी जैन प्रकरणात १९९२ मध्ये कॅपिटेशन शुल्क घटनाविरोधी ठरले, उन्नीकृष्णन प्रकरणात १९९३ मध्ये खाजगी महाविद्यालयांच्या जागा मुक्त आणि शुल्काच्या अशा निम्म्या निम्म्या वाटल्या गेल्या, टी.एम.ए. पै प्रकरणात २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मोडली. आणि पुण्याच्या पी.ए. इनामदार यांच्या प्रकरणात २००५ मध्ये सात न्यायमूर्तींनी विनाअनुदानित संस्थांवर सरकारी जागा लादता येणार नाहीत, पण प्रवेश पारदर्शकच हवा, असे सांगितले. एका पिढीत चार वेळा नियमांचा पाया बदलला, आणि दर वेळी जूनमध्ये खिडकीशी उभ्या असलेल्या पालकाला तो समजावून सांगण्याचे काम तीस वर्षांच्या नोकरीत कायद्याचे पुस्तक न उघडलेल्या माणसाकडे आले.

मग संगणक आला. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, जिला सारे 'कॅप' म्हणतात, तिने अभियांत्रिकी आणि वैद्यकातील वाटप राज्यपातळीवर नेले. २००९ पासून मुंबई महानगराच्या अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. २०१५ च्या अधिनियमाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेश नियामक प्राधिकरण आणले. आणि २०२५ मध्ये साऱ्या राज्याची अकरावी एका संकेतस्थळावर आली, जे पहिल्याच दिवशी कोलमडून पडले. तरीही या बदलाची बेरीज मी चांगलीच धरतो. फलकाच्या कुलपाची गरज उरली नाही, आणि सोलापूरच्या मुलीला पुण्याच्या जागेसाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही. हे लहान काम नव्हे.

मात्र निवडीचा अधिकार यंत्राकडे गेला तरी अधिकारी खिडकीतच राहिला, आणि त्याच्याकडे उरली ती पडताळणी. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, आणि सर्वांत अवघड, जातवैधता. खोट्या दाखल्यांवर वैद्यकीय जागा मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रात निघाली, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली, आणि राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. हेतू रास्त, पण पणजोबाचा महसुली उतारा किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरातली जुनी नोंद मिळावयास महिने लागतात, आणि कॅपची फेरी तीन दिवसांची असते. खऱ्या जातीचा, खऱ्या गुणांचा मुलगा समितीच्या पोचपावतीसह उभा असतो, मुदत संध्याकाळी पाचला संपते, आणि समोरच्या अधिकाऱ्याला सारे दिसत असून संगणकाच्या पडद्यावर 'वाट पाहावी' लिहिण्यास जागा नसते. त्यात नियमच मध्ये पालटले की विचारावयास नको. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२० रोजी स्थगिती दिली तेव्हा अकरावीची प्रक्रिया चालू होती. ती दोन महिन्यांहून अधिक काळ थांबली, आणि त्या काळात दूरध्वनीवर उत्तरे देत बसलेल्या माणसांजवळ देण्यास उत्तर नव्हते.

आणखी एक उलथापालथ निमूटपणे झाली. जागा वाढत गेल्या, अर्जदार तितके वाढले नाहीत, आणि बहुतेक महाविद्यालयांपुढे कोणाला नाकारावे हा प्रश्न उरला नसून कोणाला बोलावून आणावे हा उरला. अकरावीच्याच जागा आज अर्जदारांपेक्षा लाखांनी अधिक आहेत. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत तरुण अधिव्याख्यात्यांना उन्हाळ्यात गावे वाटून दिली जातात. अमुक इतके प्रवेश आणा, नाहीतर पगाराचे पाहू, असे बजावले जाते. बारावीच्या परीक्षा केंद्राबाहेर पत्रके वाटणारा माणूस पुष्कळदा एम.टेक. झालेला असतो. कर्वे आणि भाऊराव दारोदार हिंडले आणि हाही हिंडतो. पण ते ज्याला आणीत त्याची फी कशी भागेल याची चिंता वाहत, आणि याला जो हवा आहे त्याची फी संस्थेला हवी आहे. त्याला समुपदेशक असे नाव दिलेले असते. मुलाला न झेपणारी शाखा आहे हे दिसत असूनही तीच घे असा सल्ला देणे ज्याच्या पगाराशी बांधलेले आहे, त्या पदाला हे नाव शोभत नाही, आणि या धंद्याच्या साऱ्या इतिहासात चिठ्ठ्यांच्या काळाहूनही ही अवस्था मला अधिक हीन वाटते.

राहता राहिला तो मुदतीचा प्रश्न. २०२१ च्या नोव्हेंबरात एका दलित विद्यार्थ्याला बँकेच्या कार्डाने फी वेळेत भरता आली नाही म्हणून मुंबईच्या आय.आय.टी.तील त्याची जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालचे विशेष अधिकार वापरून त्याला ती देवविली. २०२४ मध्ये तेच पुन्हा घडले: उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.साठी १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत, आणि ३० सप्टेंबर रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाला पुन्हा त्याच कलमाचा आधार घ्यावा लागला. दोन्ही निकाल योग्यच होते. परंतु जे काम एकेकाळी हेडक्लार्कचा एक शेरा करीत असे त्यासाठी देशाच्या सर्वोच्च पीठाला बसावे लागावे, आणि दिल्लीपर्यंत पोचू न शकणाऱ्यांनी जागा गमवावी, ही व्यवस्था शहाणपणाची नव्हे. गुणवत्ता यादीला कोणाही अधिकाऱ्याचा हात लागू नये, हे मान्यच आहे. मात्र नियमाने जागा मिळालेल्या मुलाला कागद आणण्यास वा फी भरण्यास सात दिवसांपर्यंत मुदत वाढवून देण्याचा अधिकार राज्याच्या प्रवेश नियमावलीने प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेश अधिकाऱ्यास स्पष्ट शब्दांत द्यावा. त्याने कारण लेखी नोंदवावे, आणि अशी प्रत्येक नोंद त्याच संध्याकाळी प्रवेशाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावी.